नीलाक्षीचं बारावं पुस्तक

नीलाक्षी बारा पुस्तकांत मिळून सात वेळा बेशुद्ध पडते, आणि एकदाही कोणी तिचा बीपी पाहत नाही. मी सगळी नोकरी नर्स म्हणून काढली, त्यामुळे असेल, पण यंदा ही मालिका पुन्हा हातात आली तेव्हा माझं लक्ष आधी तिकडेच गेलं. पोरगी सतरा वर्षांची, सकाळी नुसती कॉफी पिऊन कॉलेजला निघते, दुपारी टेकडीवर जाते, आणि टेकडीवर अमरेंद्र दिसला की पडली! अहो, पडणार नाही तर काय? पोटात भाकरीचा तुकडा नाही. मी श्रेयाला, माझ्या नातीला, म्हटलं, हिला प्रेमबिम काही झालेलं नाही, हिच्या अंगात रक्त नाही, हिला लोहाच्या गोळ्या द्या. श्रेया पोट धरून हसली. तिनंच मोबाइलवर शोधून कुठल्या तरी जुन्या पुस्तकांच्या दुकानातून बाराही भाग मागवले होते. मी तिला लहानपणापासून नीलाक्षीची गोष्ट सांगत आले, आणि असली पुस्तकं खरोखर होती की आजीच्या मनाचे खेळ, याची तिला एकदा खात्री करून घ्यायची होती.

होती बाई, खरोखर होती. तळहाताएवढी, पिवळ्या कागदाची. मुखपृष्ठावर पुढे नीलाक्षी, मागे धुकं, आणि धुक्यात अर्धा अमरेंद्र. त्याचे डोळे करडे, हातात गिटार, दारात मोटार, आणि काळजात एक दुःख, जे बारा पुस्तकांत कोणालाही समजत नाही. कामधंदा मात्र काही नाही. प्रत्येक पुस्तक असं एखाद्या दारापाशी, जिन्यापाशी नाहीतर कड्यापाशी थांबायचं आणि खाली छापलेलं असायचं, पुढील भागात. आज वाचताना मी दर चार पानांना कपाळावर हात मारून घेते. पण चौदाव्या वर्षी ते दोन शब्द वाचले की मला ताप भरल्यासारखं व्हायचं, हेही खोटं नाही.

आमचं गाव मोताळ्याहून बैलगाडीनं तासाभरावर. माझी मामेबहीण कुंदाताई तेव्हा बुलडाण्याला वसतिगृहात राहून शिकत होती. तिचं वाचून झालेलं पुस्तक ती वर्तमानपत्रात गुंडाळायची, वर मोठ्या अक्षरात ‘शिवणकामाचे नमुने’ असं लिहायची आणि आमच्या फाट्यावरून जाणाऱ्या एसटीच्या कंडक्टरजवळ द्यायची. आई ते पुडकं पाहून खूश. पोरगी शिवण शिकून राह्यली म्हणून शेजारीपाजारी सांगायची. दिवाळीच्या सुमारास आमच्या घरातली मधली खोली कापसानं भरत जायची, आणि ढीग आढ्याच्या जवळ गेला की मी त्यावर चढून झरोक्याच्या उजेडात वाचत पडायची. कापसात कमरेपर्यंत रुतलं की अंग उबेला यायचं, सरकीचा तेलकट वास नाकात बसायचा, बाहेर आई ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापायची त्याचा थप थप आवाज यायचा, आणि मी धुक्यात. हाक आली की खाली उडी मारायची. "केसाले कापूस काऊन लागला वं तुह्या?" आई विचारायची. मी म्हणायची, मांजर शोधत होती. आमच्या घरी मांजर नव्हतं.

कापूस वेचायला आमच्याकडे मजूर नसायचे. चार-पाच एकरवाल्यांना ते परवडत नाही, म्हणून आमच्या गल्लीतल्या दहा-अकरा घरच्या बायांची सावड होती. आज सगळ्या आमच्या वावरात, उद्या सगळ्या गंगाबाईच्या, परवा तिसरीच्या. पहिल्या वेचणीच्या दिवशी सीतादही करायची, म्हणजे झाडाला दही-भाताचा निवद दाखवून मगच बोंडाला हात लावायचा. मग प्रत्येकीनं दोन ओळींची पात धरायची, कमरेला जुन्या लुगड्याची ओटी बांधायची आणि पुढे सरकायचं. शाळेला सुटी असली की मीही. बोंडाची वाळलेली टोकं बोटांना सोलून काढतात, संध्याकाळी ठेच्याला हात लावायची सोय नसते. आणि त्यात माझी आई! तिचा हात इतका चलाख, की ती कायम वीस हात पुढे, आणि मी कायम मागे, एकटी. कंटाळून मी एका दिवशी शेजारच्या पातीवरच्या गंगाबाईला नीलाक्षी सांगायला सुरुवात केली. गंगाबाई म्हणजे सावडीची म्होरकी. कोणाचं वावर कधी, हे तीच ठरवायची. पन्नाशीची, धिप्पाड, आवाज असा की बांधावरची बगळी उडावी.

तिचा पहिलाच प्रश्न, "त्या अमरिंदराले वावर किती हाये?"

पुस्तकात वावराचा पत्ता नव्हता. मी म्हटलं, "वीस एकर. ओलिताचं."

"मंग ठीक हाये. सांग पुढे."

तेव्हा कुठे अमरेंद्र नायक म्हणून पास झाला. गिटार म्हणजे काय ते सांगताना माझी फार तारांबळ उडाली. तारा असतात, मांडीवर घेऊन वाजवतात आणि डोळे मिटून गातात, एवढं मी सांगितलं. "म्हंजे भजनी हाये म्हना की पोरगा!" गंगाबाई म्हणाली, आणि तिथून पुढे तो भजनीच राहिला. बायांचं त्याच्याविषयीचं मत फार चांगलं झालं. त्या धुक्यातल्या टेकडीवर तो संध्याकाळी काय करतो, तर भजनाला जातो. नीलाक्षीची झाली नीलू. अमरेंद्र चांगला वागला की ‘अमरभाऊ’ आणि चुकला की ‘अमऱ्या’. सकाळी कॉफी पिते म्हटल्यावर सगळ्या बिघडल्या, "तिची माय काय करते बाप्पा? पोरीले भाकर देत नाही?" म्हणजे पाहा, आज नर्स होऊन मला जे दिसलं ते त्या अंगठेबहाद्दर बायांना पहिल्याच दिवशी दिसलं होतं.

तिसऱ्या दिवशी आईला पत्ता लागला. ती पुढून मागे चालत आली, ओटी सावरत, माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "हे होय तुहं शिवणकाम?" मी मान खाली घातली. मग आईनं इकडेतिकडे पाहिलं, माझ्या शेजारची पात धरली आणि हळूच विचारलं, "मंग? ते चिठ्ठी सापडली का तिच्या बापाले?"

आणि मग त्या वावरात असं काही झालं, की आजही आठवलं तर मी हातातलं काम बाजूला ठेवते. गोष्ट ऐकू यायची तर कोणाला पुढे जाता येईना. पुढे गेलं की आवाज तुटायचा. मागे राहिलं तरी तुटायचा. तेव्हा अकरा बाया आपोआप एका रांगेत आल्या. चलाख हाताच्या बायांनी थांबून राहायचं म्हणजे काय करायचं? तर शेजारच्या मंद बाईच्या ओळीतली बोंडं त्या वेचायला लागल्या. कोणी सांगितलं नाही, कोणी ठरवलं नाही. या बांधापासून त्या बांधापर्यंत अकरा जणी एका सरळ रेघेत हलतायत, मधोमध मी बोलतेय, आणि मागे वावर हिरवं होत चाललंय. मी चौदा वर्षांची होते. हे सगळं माझ्या तोंडच्या शब्दांनी होतंय हे पाहून माझ्या अंगावर काटा यायचा. पुढे आयुष्यात बरंच काही पाहिलं, पण तसं पुन्हा पाहायला मिळालं नाही.

या रांगेत सगळ्यांत मंद हात रत्नाबाईचा. आमच्यापासून तिसरं घर पुंजाजीकाकांचं, त्यांची ही एकुलती एक मुलगी. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी. लग्न होऊन दोन वर्षं झाली होती आणि पोळ्यापासून माहेरीच होती. काऊन आली, हे कोणी विचारत नव्हतं, कारण सगळ्यांना माहीत होतं. नवरा मारायचा. तिच्या उजव्या हाताची करंगळी वाकडी होऊन बसली होती. ती मोडून, कोणी न बांधता, तशीच जुळली होती, हे मला नर्सिंग शिकताना कळलं. तेव्हा एवढंच दिसायचं, की बोंडातून कापूस ओढताना ते बोट आड येतं. रत्नाबाई बोलत नसे. प्रश्न नाही, हसणं नाही. ऐकते आहे की नाही तेही कळायचं नाही.

अकराव्या पुस्तकाच्या शेवटी अमरेंद्र नीलाक्षीच्या थोबाडीत मारतो. दोघांचा साखरपुडा झालेला, आणि कारण काय, तर ती वर्गातल्या एका मुलाच्या सायकलवर बसून घरी आली. ती पडते बेशुद्ध, सहावी वेळ. मग ती वडिलांच्या घरी निघून जाते. आठ दिवसांनी अमरेंद्र मोटार घेऊन फाटकापाशी येतो, हात पुढे करतो आणि म्हणतो, चल माझ्याबरोबर. पुढील भागात. हे मी रांगेत सांगितलं. "एक चापट त मारली," एक जण म्हणाली. "एकीपासूनच सुरू होते," गंगाबाई म्हणाली. आणि मग, इतक्या दिवसांत पहिल्यांदा, रत्नाबाईचा आवाज आला.

"मंग नीलू गेली का वं त्याच्या संगं?"

मी म्हटलं, "उद्या सांगते." कारण बारावं पुस्तक आलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी पोटात दुखतं म्हणून घरी राहिले. तिसऱ्या दिवशी कुंदाताईचं कार्ड आलं. बारावा भाग खोलीतून कोणीतरी नेला, परत केला नाही. मी वाचला आहे. शेवट गोड आहे. काळजी नसावी. झालं! शेवट गोड आहे, एवढ्या तीन शब्दांवर अकरा बायांना मी काय सांगणार होते? त्यातच गावात बातमी आली, की बाजार झाला की रत्नाबाईचे सासरचे लोक तिला न्यायला येणार. पुंजाजीकाका पाठवायच्या विचारात आहेत. किती दिवस पोरीले ठेवू, लोक काय म्हणतीन, असं ते आबांना, माझ्या वडिलांना, आमच्या ओसरीवर बसून म्हणत होते. म्हणताना डोळे पुसत होते.

चौथ्या दिवशी गंगाबाईनं मला सोडलं नाही. "बेबी, पोटबिट काही नाही. सांग. फाटकापाशी हुभा हाये तो." मी बोलायला लागले. नीलू घरातून बाहेर आली. पायऱ्या उतरली. फाटकापाशी आली. पायऱ्या मी जितक्या वाढवता येतील तितक्या वाढवल्या, पण शेवटी फाटक आलंच. शेजारी रत्नाबाई ते बोट सांभाळत वेचत होती आणि मान वर करत नव्हती. ‘गेली’ असं म्हणायला मी तोंड उघडलं, कारण गोड शेवट म्हणजे तोच. आणि माझ्या तोंडून निघालं, "नीलू म्हणाली, मी येते. पण आधी तू वर्षभर इथे येऊन राहा. माझ्या बापाच्या घरी, माझ्या मायच्या डोळ्यांसमोर. वर्षभरात तुझा हात उचलला गेला नाही, तर मग मी तुझ्या घरी."

कुठून सुचलं? देवाशप्पथ सांगते, मला माहीत नाही. सगळ्या बाया चाट. मग एकदम कल्ला! "अवं माय वं!" "घरजावाई ठेवते का काय?" "वर्ष नाही, दोन वर्ष म्हना तिले!" "अन भाकरी त्यानं थापाव्या!" माझी आई, जी आबांसमोर कधी मोठ्यानं हसली नाही, ती बांधावर, धुऱ्यावर बसून हसली. "मंग? कबूल झाला का अमऱ्या?" मी म्हटलं, "विचार करून राह्यला." "करू दे," गंगाबाई म्हणाली. "आपल्याले कुठी घाई हाये." रत्नाबाई हसली नाही. तिनं ओटीतला कापूस नीट दाबला आणि पुढच्या झाडाला हात घातला.

बाजाराच्या दुसऱ्या दिवशी सासरचे आले. सासरा, नवरा आणि त्यांच्या गावची दोन मोठी माणसं. पुंजाजीकाकांच्या अंगणात बैठक बसली, आमचे आबाही होते. चहा झाला, पीकपाण्याचं झालं, मग सासरा म्हणाला, "चाला, पोरीले तयारी कराले सांगा. लवकर निघू." पुंजाजीकाकांनी मान हलवली. आम्ही बाया आतल्या दारामागे. आणि रत्नाबाई आमच्यामधून निघाली, उंबरा ओलांडून अंगणात गेली, डोक्यावरचा पदर सरळ केला आणि उभी राहिली.

"मी येते, मामाजी. पन आंधी त्याइनं वर्षभर इथी येऊन राहावं. माह्या बापाच्या घरी, माह्या मायच्या डोयासमोर. वर्षभरात हात उचलला नाही, त मंग मी येते."

बापरे! माझे शब्द! मी कापूस वेचता वेचता तोंडाला येईल ते बोललेले शब्द, आणि ते या अंगणात, या माणसांसमोर उभे! तिनं नाही म्हटलं असतं तर त्यांनी दटावलं असतं, रडली असती तर समजूत घातली असती. पण ती तर येते म्हणत होती. याला उत्तर काय द्यायचं ते त्या मोठ्या माणसांपैकी एकालाही सुचलं नाही. नवरा ताडकन उठला. "मी काय घरजावाई हावो का?" म्हणाला, आणि चपला घालून चालता झाला. सासरा लाल झाला. "हे कोनं शिकोलं इले? कोन हाये?" दारामागे आम्ही सगळ्या जणी. एकीनंही माझ्याकडे पाहिलं नाही. गंगाबाई पुढे होऊन म्हणाली, "कोन शिकवन बाप्पा? कापूस येचून येचून शाहानी झाली ते." संध्याकाळी आबांनीही आईला विचारलं. आईनं त्यांच्या ताटात कढी वाढली आणि म्हणाली, "मले काय माहीत?" विहिरीवरची साधी गोष्ट दुपारपर्यंत गावभर करणाऱ्या या बाया. पण माझं नाव त्यांनी मरेपर्यंत कोणाला सांगितलं नाही.

नवरा आला नाही. दोन वर्षांनी त्यानं दुसरी केली. रत्नाबाई बापाच्या घरी राहिली, पुंजाजीकाका गेल्यावर चार एकर तिनं एकटीनं केलं. मी नोकरीला लागले, गावी जायची तेव्हा ती वखराच्या मागे दिसायची, नाहीतर सणासुदीला ओसरीत एकटी बसलेली. मी दोन शब्द बोलायची आणि सटकायची. नोकरीत मी असली मोडून जुळलेली बोटं पुष्कळ पाहिली, नुसती बोटंच नाही, आणि रत्नाबाई वाचली हे मला माझ्या अकलेनं कळत होतं. पण मन मानत नाही ना. घर नाही, लेकरू नाही. खोटी गोष्ट सांगून एका बाईचा संसार मोडला आपण, हे इतकी वर्षं मनात होतं, आणि तिला विचारायची हिंमत मला कधी झाली नाही.

यंदा बारावं पुस्तक वाचलं. मोटार फाटकापाशी उभी आहे. नीलाक्षी धावत येते, अमरेंद्रच्या पायांवर पडते, म्हणते, चूक माझीच होती, मला क्षमा कर. तो क्षमा करतो. ती आनंदानं बेशुद्ध पडते, सातवी वेळ, आणि तो तिला उचलून मोटारीत ठेवतो. समाप्त. अकरा भाग मोठ्यानं वाचून मी श्रेयाला हसवलं होतं. हे पान मात्र वाचलं आणि मला दरदरून घाम फुटला. कारण मी तेव्हा पुस्तकाची गुलाम होते. वावर आणि भजन मी पदरचं घातलं असेल, पण गोष्ट कधी बदलली नव्हती. हे पुस्तक वेळेवर एसटीनं आलं असतं, तर मी त्या रांगेत, रत्नाबाईच्या शेजारी उभी राहून, इमानेइतबारे हेच सांगितलं असतं. वसतिगृहातल्या कुठल्या पोरीनं ते पळवलं, तिला मी मनातल्या मनात हात जोडले.

दुसऱ्या दिवशी पुस्तक पिशवीत घालून गावी गेले. रत्नाबाई आता वाकली आहे, पण कान शाबूत. तिनं मला कढी आणि तुरीच्या डाळीचे वाफवलेले फुणके वाढले, माझं जेवण होईपर्यंत समोर बसून राहिली. मग मी एकदाचं सांगून टाकलं, की रत्नाबाई, तेव्हा माझ्याजवळ पुस्तक नव्हतं. ते वर्षभर राहायचं, ते मी मनानं सांगितलं होतं.

"ते त सगळ्याइले माहीत होतं," ती म्हणाली. "तू घरी गेल्यावर गंगाबाई म्हने, पोरीपाशी पुस्तक नाही, पन तिले काही इचारू नका. हे पुस्तकापेक्षा चांगलं हाये." आणि मग म्हणाली, "बैठकीच्या आदल्या दिवशी साऱ्या जनी मले वावरात हुभं करून ते बोलणं पाठ करून घेत होत्या. तू शायेत होती. तुही माय सासरा झाली होती."

माझी माय! जी ‘मले काय माहीत’ म्हणाली होती! मग मी पिशवीतून पुस्तक काढलं आणि ते शेवटचं पान तिला वाचून दाखवलं. वाटलं, ती हसेल. ती नीट ऐकत होती, पायांवर पडली तिथे तिनं डोळे मिटले.

"गेली म्हन बिचारी," रत्नाबाई म्हणाली. "तिच्या संगं बायाच नव्हत्या वं कोनी."